दारू वाढवून नेम सुधारत नाही

आधीच सांगून टाकतो, ही ती दारू नाही. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज पुढे ढकलली गेली की जी आठवते ती वेगळी. ही बंदुकीची दारू. काळी. सोरा, कोळसा आणि गंधक, ७५:१५:१० या प्रमाणात. गेलं वर्षभर माझे वीकेंड तिने खाल्लेत आणि आज मला तिच्यावरून भांडायचंय.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, मिसूरी राज्यात, एका शेताच्या कडेला असलेल्या ओकच्या रानात मी एका रानटर्कीवर बार काढला. हातात १२ बोअरची ठासणीची बंदूक. नळीत ११० ग्रेन दारू आणि १ औंस सहा नंबरचे छर्रे. पक्षी ३० यार्डांवर आहे असं मला वाटलं. धूर उडाला, (काळ्या दारूचा धूर म्हणजे काय प्रकार असतो ते बघितल्याशिवाय कळत नाही, दोन सेकंद समोर पांढरी भिंत!) धूर विरला तेव्हा पक्षी नव्हता. पिसं होती. मूठभर. आणि पानांवर दोन-तीन ठिकाणी रक्त.

त्या दिवशी दुपारपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते रान विंचरून काढलं. सापडला नाही. नंतर पावलं मोजली तर अंतर ४० यार्डांच्या वर निघालं.

मी शिकारीला गेलो याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. मला त्या मूठभर पिसांचं जास्त वाटतं. कारण ती चूक नशिबाची नव्हती, नेमाचीही फारशी नव्हती. ती चूक मी आदल्या रात्री किचन टेबलावर बसून, दारूचं माप भरताना केली होती. आणि ती मी एकट्याने केलेली नाही. 'मोठा पक्षी आहे, दारू जास्त घाल' हा सल्ला मला किमान सहा जणांनी दिला होता. आनंदाने. फुकट.

या सल्ल्याविरुद्ध हा लेख आहे.

थोडी पार्श्वभूमी. मी ऑनसाईट आहे, सेंट लुईसच्या आसपास. आमच्या टीममध्ये निवृत्तीला आलेला एक डीबीए आहे. चाळीस वर्षं डेटाबेस सांभाळून माणूस जसा होतो तसा: शांत, संशयी, बॅकअपवर विश्वास आणि माणसांवर नाही. त्याच्याकडे ठासणीच्या तीन बंदुका आहेत. त्याने मला रेंजवर नेलं. मला एकदम गावच आठवलं. कणकवलीच्या पुढे आमच्या आजोळी, माडीवर, मामाआजोबांची ठासणीची बंदूक असायची. शेतीसंरक्षणाचं लायसन्स. डुकरं आणि माकडं भातात-बागेत शिरली की बाहेर निघायची, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आम्हा पोरांना हात लावायची बंदी. गजाने ठासायचा तो 'ठक ठक' आवाज मात्र डोक्यात पक्का बसलेला. अमेरिकेत, सातासमुद्रापार, तोच आवाज ऐकला आणि मी गेलो वाहवत.

(एक गंमत: इथे वर्क व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला कायद्याने बंदी आहे, पण त्याच्याकडे वैध शिकारीचा परवाना असेल तर त्या बंदीतून सूट आहे. म्हणजे मी आधी शिकारी झालो, मग बंदूकवाला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं मत आहे. का ते पुढे येईलच.)

तर मुद्दा. दारू जास्त घातली की छर्रे जास्त जोरात जातात, जोरात गेले की लांब मारतात, लांब मारलं की मोठा पक्षी पडतो. ऐकायला किती सरळ आहे! या साखळीतली प्रत्येक कडी थोडी थोडी खरी आहे आणि अख्खी साखळी खोटी आहे.

पहिली कडी घ्या. काळी दारू जळते तेव्हा तिचं सगळं वायूत रूपांतर होत नाही. निम्म्याहून जास्त वजनाचे घन कण उरतात. तोच तो धूर आणि तीच नळीतली काजळी. म्हणजे तुम्ही ३० ग्रेन दारू वाढवली की त्यातली अर्धीअधिक ही निव्वळ ओझं असते, आणि ते ओझंही नळीतून बाहेर ढकलायला तीच दारू खर्ची पडते. वेग वाढतो, नाही असं नाही. पण दारूच्या प्रमाणात वाढत नाही. प्रमाणात वाढतो तो खांद्याला बसणारा धक्का. आणि इथेच माणूस फसतो, कारण धक्का जाणवतो आणि वेग जाणवत नाही. खांदा दुखला की वाटतं काहीतरी भारी झालं.

दुसरी कडी. छर्रा गोल असतो. गोल वस्तू हवेत फार वाईट उडते. आवाजाच्या वेगाच्या (समुद्रसपाटीला सेकंदाला साधारण ११२५ फूट) जवळ आणि वर गेलं की गोळ्याला होणारा हवेचा विरोध एकदम चढतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात फ्लुइड मेकॅनिक्सचा जो आलेख आपण पाठ करून ओकला होता, तोच. काळ्या दारूची बंदूक साधारण त्याच पट्ट्यात खेळते. म्हणजे तुम्ही मरमर करून जो जादाचा वेग मिळवला तोच हवा सगळ्यात आधी परत घेते. पहिल्या काही यार्डांतच. ४० यार्डांवर पोचेपर्यंत भारी बार आणि साधा बार यांच्या छर्र्यांमधला फरक कितीतरी कमी झालेला असतो.

खोलवर घुसायला हवं असेल तर उपाय वेगळा आहे. मोठा छर्रा घ्या. जड छर्रा वेग टिकवून धरतो. सहा नंबरऐवजी पाच, पाचऐवजी चार. पण किंमत मोजावी लागते: एका औंसात सहा नंबरचे २२५ च्या आसपास छर्रे बसतात, पाच नंबरचे १७०, चार नंबरचे १३५. आकारमान आणि संख्या यांच्यातला हा सौदा आहे, त्यात दारू कुठेच येत नाही.

आता तिसरी कडी, जिथे माझी टर्की हरवली.

टर्कीच्या अंगावर मारत नाहीत. नर सात ते अकरा किलोचा, जाड पिसांचा, छातीवर मांसाचा थर. छर्रे तिथे अडकतात, पक्षी पळून जातो आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतो. मारायचं ते डोकं आणि मान. तिथे मेंदू आणि मणके. जागा किती? आपण हिशेबासाठी सात चौरस इंच धरू. व्हिजिटिंग कार्ड असतं सात चौरस इंचांचं.

चोक नसलेली सरळ नळी, म्हणजे माझी, ढोबळमानाने ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात ४० टक्के छर्रे टाकते. हा बंदूकवाल्यांचा जुना मापदंड आहे. १ औंस सहा नंबर म्हणजे २२५ छर्रे, त्यातले ९० त्या वर्तुळात. वर्तुळाचं क्षेत्रफळ ७०७ चौरस इंच. म्हणजे सात चौरस इंचांच्या व्हिजिटिंग कार्डावर सरासरी किती छर्रे? एकसुद्धा नाही. शून्य पूर्णांक नऊ.

सरासरी ०.९ असेल तर एकही छर्रा न लागण्याची शक्यता ४० टक्के. (प्वासाँ वितरण. एम-थ्रीच्या पेपरात 'टेलिफोन एक्स्चेंजला दर मिनिटाला येणारे कॉल' म्हणून यायचं ते. तेव्हा विचारलं होतं, याचा आयुष्यात उपयोग काय? हा घ्या.) आणि एक छर्रा पुरत नाही. किमान दोन लागायला हवेत असं धरलं तर फसण्याची शक्यता ७७ टक्के.

म्हणजे मी चाप ओढला तेव्हा, नेम अगदी बरोबर धरूनही, चारात तीन वेळा पक्षी जखमी होणार किंवा सुटणार हे ठरलेलं होतं. आता सांगा, या हिशेबात मी दारू ११० ऐवजी १५० ग्रेन घातली असती तर कुठला आकडा बदलला असता? २२५? ७०७? सात?

बदलला असता. पण उलट्या दिशेने. कसं ते सांगतो.

ठासणीच्या बंदुकीत दारूवर एक जाड पुठ्ठ्याची चकती बसते, तिच्यावर तेल-मेण पाजलेला मऊ डाट, त्यावर छर्रे, आणि वर छर्रे सांडू नयेत म्हणून पातळ कागदी चकती. दारू जास्त झाली की दोन गोष्टी होतात. तळचे छर्रे वरच्यांच्या वजनाखाली चिरडतात, कारण शिसं मऊ असतं. चेपलेला छर्रा सरळ जात नाही, भरकटतो. आणि दुसरं, नळीच्या तोंडाशी डाट मागून छर्र्यांच्या घोळक्यात घुसतो, त्याला मधोमध फोडतो. कागदावर मेदुवड्यासारखा नमुना दिसतो: कडेला छर्रे, मध्ये भोक. आणि तुम्ही नेम धरता तो मध्यावर!

हे मी वाचून सांगत नाहीये. ती टर्की हरवल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानातून ब्राऊन पेपरचा एक अख्खा रोल आणला आणि पुढचे पाच वीकेंड रेंजवर घालवले. २५ यार्ड, दहा इंचांचं वर्तुळ, प्रत्येक प्रकारचे पाच बार, मग जमिनीवर मांडी घालून स्केचपेनने एकेक भोक मोजायचं. माझा तो 'दमदार' बार, ११० ग्रेन आणि १ औंस, सरासरी १७ छर्रे. सतरा! त्यातल्या दोन कागदांवर मधल्या भागात तळहात ठेवावा एवढी जागा कोरी. ते कागद बघून मला कसंतरी झालं.

मग दारू कमी करत गेलो. जुन्या लोकांची एक सोपी पद्धत आहे: दारू आणि छर्रे एकाच मापाने मोजायचे, आकारमान सारखं. सव्वा औंस छर्रे मावतील तेवढं माप दारूनेही भरायचं. १ औंस आणि एक अष्टमांश छर्र्यांचं माप साधारण ८० ग्रेन दारू घेतं. ही सुरुवात. तिथून दारू पाच-पाच ग्रेनने खाली. माझ्या नळीला शेवटी मानवलं ते ७० ग्रेन दारू (एफएफ दाण्याची) आणि सव्वा औंस सहा नंबर. डाट अर्ध्या जाडीचा कापून. त्याच २५ यार्डांवर, त्याच वर्तुळात, सरासरी ४४.

दारू साधारण तीन वाटच्या जागी दोन वाट, आणि कामाचे छर्रे अडीचपट. यातले थोडे अर्थात सव्वा औंसामुळे, म्हणजे मुळात छर्रे जास्त असल्यामुळे. पण २२५ चे २८१ झाले तर वाढ चतुर्थांश हवी. बाकीची सगळी कुठून आली? दारू काढून घेतल्याने.

यावर डीबीए काय म्हणाला? 'तू टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनमध्ये टाकलं होतंस.' एवढंच म्हणाला आणि कॉफी प्यायला गेला. आपण इंजिनिअर लोक ना, ऑफिसात एक ओळ बदलली तर तीन एन्व्हायर्न्मेंटमधून फिरवतो, आणि जिवंत प्राण्यावर बार काढताना 'अमुक म्हणाला १०० ग्रेन चालतात' यावर जातो.

आता प्रश्न, हे सगळं इतकं साधं आहे तर 'जास्त घाल' हा रोग जातच का नाही?

मला वाटतं दोष आकड्यांच्या मार्केटिंगचा आहे. ड्रॅम हे काळ्या दारूचं जुनं माप, औंसाचा सोळावा भाग, २७ ग्रेन आणि थोडं. काळी दारू काडतुसांतून जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी अमेरिकेत काडतुसांच्या खोक्यावर अजून 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' छापतात. म्हणजे हे काडतूस एवढ्या ड्रॅम काळ्या दारूइतक्या वेगाने छर्रे टाकतं. आत त्या मापाची काळी दारू नसतेच. पण गिऱ्हाईक बघतं काय? तीन मोठे की साडेतीन मोठे. आपण नाही का एके काळी प्रोसेसरचे मेगाहर्ट्झ आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून वस्तू घेत होतो? १९८८ मध्ये १२ बोअरसाठी साडेतीन इंची काडतूस आलं आणि तेव्हापासून 'लांबून मारा' हेच विकलं जातंय. ठासणीवाले स्वतःला या बाजारापेक्षा वेगळे, जुन्या वळणाचे समजतात. आणि तरी मनात तेच साडेतीन इंच घेऊन फिरतात.

जुनं वळणच बघायचं तर नीट बघा. काळ्या दारूच्या ऐन भरात, एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडच्या बंदूकवाल्यांपुढे हाच प्रश्न होता: लांबचा पक्षी कसा पडेल? त्यांनी दारू वाढवली का? नाही. त्यांनी नळीचं तोंड किंचित आवळलं. न्यूकॅसलच्या पेपने चोकचं पेटंट १८६६ मध्ये घेतलं, बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने १८७० च्या दशकात त्यावर हात फिरवून त्याला रूढ केलं, आणि १८७५ मध्ये लंडनला 'द फील्ड' या नियतकालिकाने बंदुकांच्या चाचण्या घेतल्या. तिथे सरळ नळी विरुद्ध चोकची नळी, आणि निकाल कसा लावला? कागदावरचे छर्रे मोजून! चोक जिंकला. दीडशे वर्षांपूर्वी मोजून सिद्ध झालेली गोष्ट आपण आज खांद्याच्या दुखण्यावरून ठरवतोय.

(ठासणीच्या नळीला नेहमीचा चोक अडचणीचा, कारण डाट तोंडाकडूनच आत घालायचे असतात. त्यावर तोडगा म्हणून तोंडाच्या थोडं मागे नळी आतून किंचित रुंद करून घेतात. मी अजून करून घेतलेलं नाही. जवळ जाणं स्वस्त पडतं.)

हो, जवळ जाणं. सगळ्या हिशेबात सगळ्यात जास्त वजन त्याला आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही, कारण ते विकता येत नाही. अंतर निम्मं केलं की छर्र्यांच्या वर्तुळाचा व्यास निम्मा होतो आणि क्षेत्रफळ एक चतुर्थांश. माझा तोच आधीचा वाईट हिशेब, ०.९ वाला, २० यार्डांवर केला तर ३.६ होतो. दोन छर्रे न लागण्याची शक्यता ७७ वरून १३ टक्क्यांवर येते. सुधारलेल्या बाराने मला २० यार्डांवर दहा इंचांत ६० च्या आसपास छर्रे मिळतात. व्हिजिटिंग कार्डावर पाचाहून थोडे जास्त, फसण्याची शक्यता तीन टक्के. आधुनिक फुल चोकवाले दहा इंचांत १०० छर्रे ही कसोटी लावतात. माझ्या नळीला ती २० यार्डांवरही जमत नाही. म्हणून माझी हद्द २० यार्ड. २१ नाही.

मामाआजोबांना मी फोनवर हे आकडे सांगत होतो. ८६ वर्षांचे आहेत, अर्धं ऐकू येतं. सगळं ऐकून म्हणाले, "दारू जास्ती घातलंस म्हणान जनावर जवळ येवचा नाय, झिला. आपणच जवळ जावक व्हया." मी पाच वीकेंड आणि एक रोल कागद घालवला त्याचा हा सारांश. फुकटात.

दोन गोष्टी भराभर सांगून टाकतो कारण त्यावर वाद घालायची माझी इच्छाच नाही. एक, ठासणीच्या बंदुकीत आधुनिक बिनधुराची दारू कधीही, कितीही थोडी, घालायची नाही. नळी फुटते, बोटं आणि डोळे जातात. काळ्या दारूला पर्यायी म्हणून विकतात ती पायरोडेक्स वगैरे आकारमानाने मोजायची, वजनाने नाही, आणि बंदूक बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ही मर्यादा आहे, लक्ष्य नाही. दोन, बदकं आणि हंस यांच्यासाठी अमेरिकेत १९९१ पासून देशभर शिशाचे छर्रे बंद आहेत, ते योग्यच आहे. पाणथळीच्या तळाशी पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलाद जुन्या मऊ नळ्यांना ओरखडतं, म्हणून ठासणीवाल्यांनी बिस्मथ वापरावं. महाग आहे. असू दे. माझ्या मते टर्कीलाही तेच वापरावं, जिथे शिसं चालतं तिथेही. हे मी स्वतः या मोसमापासून सुरू केलंय आणि त्यासाठी ब्राऊन पेपरचा दुसरा रोल आणावा लागला, कारण बिस्मथ हलकं आणि ठिसूळ, सगळा हिशेब पहिल्यापासून.

आता पुण्यातली मित्रमंडळी. 'अरे पण मारायचाच कशाला?' हा प्रश्न मला बिर्याणी खाता खाता विचारला गेलाय. त्याचं उत्तर इथे देत नाही, तो वेगळा लेख आहे. पण एवढं सांगतो की शिकाऱ्यांना माझा जो मुख्य आक्षेप आहे तो तुमच्यापेक्षा कडक आहे. तुम्ही मेलेल्या पक्ष्यांबद्दल बोलता. मी न मेलेल्यांबद्दल बोलतोय.

त्यासाठी आपल्या घरची एक गोष्ट सांगावी लागेल. माळढोक. टर्कीहून मोठा, नर पंधरा किलोपर्यंत. जगातल्या सगळ्यात वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक, आणि एके काळी दख्खनच्या माळांवर भरपूर होता. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एकट्याने. म्हणजे वर्षाला पन्नासच्या जवळपास, आठवड्याला जवळजवळ एक.

हा काळ बघा. टोपीची बंदूक तेव्हा नुकती कुठे रुळत होती, बराचसा काळ गारेच्या ठिणगीवर चालणाऱ्या बंदुकांचा. काळी दारू, तोंडाकडून ठासणी, चोक नाही. म्हणजे माझ्यासारखीच सरळ नळी. आणि माळढोक उघड्या माळावर राहणारा, लांबून माणूस ओळखणारा पक्षी. तिथे ओकच्या झाडामागे लपून वाट बघायची सोय नाही.

९६१ हा आकडा वाचून सगळे हळहळतात. मीही हळहळलो होतो, शाळेत असताना सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यात सहल गेली होती तेव्हा. दिवसभर दुर्बीण फिरवून आम्हाला एकही दिसला नाही. पण आता, पाच वीकेंड भोकं मोजल्यावर, मला त्या आकड्यात दुसरंच काही दिसतं. ९६१ हे हाती लागलेले. डायरीत लिहिले गेलेले. पिसं उडवून, माळ ओलांडून, कुठेतरी बाभळीखाली जाऊन मेलेले किती? त्यांची नोंद कुणी ठेवत नाही. माझ्याही परवान्याच्या नोंदीत मागच्या वर्षी शून्य टर्की आहे. शून्य! सरकारी कागदानुसार मी काहीच मारलेलं नाही.

प्रत्येक शिकाऱ्याची वही अशीच खोटी असते. यश मोजायचं आणि अपयशाची नोंदच करायची नाही, अशा लॉगवरून सिस्टिम ठीक चालली आहे असं म्हणणाऱ्या माणसाला आपण ऑफिसात उभं करणार नाही.

टर्कीची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टर्कीही अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांतून संपत आली होती. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, पकडून पकडून पक्षी नव्या रानांत सोडले, आणि आज ते लाखोंनी आहेत. तिथे माझ्यासारख्याची चूक पोटात घालायला जागा आहे. माळढोकाची मादी सहसा एकच अंडं घालते. एक. तिथे चुकीला जागा नव्हती, आणि चुका करणारे हौशी लोक पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. नंतर जीपा आल्या, माळांची शेती झाली, आता विजेच्या तारांना धडकून मरतात. सगळा दोष बंदुकीचा नाही हे मला माहीत आहे. पण आज देशात दीडशेच्या आत माळढोक उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेरकडे, आणि म्हणून भारतात शिकार बंदच राहावी असं मी वर म्हणालो.

इथल्या शिकाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. परवाना देताना अमेरिकेत सुरक्षेचा वर्ग करायला लावतात, चांगली गोष्ट आहे. त्यात एक कागद वाढवा. खराखुरा, ब्राऊन पेपरचा. ज्या बाराने शिकार करणार तो बार, ज्या अंतरावर मारणार त्या अंतरावर, कागदावर मारून आणायचा. छर्रे मोजायचे. नाही जमले तर जवळ जायचं किंवा घरी जायचं. हे मी रेंजवर बोललो तर एक जण म्हणाला, मग निम्मे लोक शिकार सोडतील. मी म्हटलं, बरोबर.

यंदा एप्रिलमध्ये त्याच रानात परत गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता एक मोठा नर आला, दाढी लोंबतेय, पिसारा फुलवलेला. मी आदल्या संध्याकाळी २० यार्डांवर एका काठीला रुमाल बांधून ठेवला होता. तो काठीच्या पलीकडे, अंदाजे दहा यार्ड पलीकडे, येऊन थांबला. वीस मिनिटं तिथेच. पुढे नाही, मागे नाही. माझा पाय बधिर. मग त्याला दुसरं काहीतरी सुचलं आणि तो चालता झाला.

ठासणीची बंदूक भरली की रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, ती उडवायची. दुपारी रेंजवर गेलो, २० यार्डांवर कागद लावला आणि तोच बार त्यावर काढला. दहा इंचांत ६१.

माझी एक्सेल शीट कुणाला हवी असेल तर मेल करा, पाठवतो. फक्त त्यातले आकडे माझ्या नळीचे आहेत. तुमच्या नळीला ते लागू पडणार नाहीत, रोल तुम्हालाच आणावा लागेल.